खिळ्यांचा पट्टा, साखळी आणि शिंगाची जोड-अंगठी : मांडवीमागच्या जिनगर मामांकडची खरेदी

आधी पैशांचं सांगून टाकते. तीन ओळी खिळ्यांचा, म्हशीच्या चामड्याचा कमरपट्टा 1850 रुपये. पाकिटाला अडकवायची साखळी 640. रेड्याच्या शिंगाची, दोन बोटांत मिळून घालायची जोड-अंगठी 900. भाच्यासाठी घेतलेलं वाघनखाचं लॉकेट 350, ते मात्र घेऊ नका, का ते पुढे लिहिते. सगळे पैसे रोख द्यावे लागतात. पावती मागितली तर मामा वहीचं पान फाडून त्यावर आकडा लिहून देतात.

बडोद्यात मांडवीकडून गेंडीगेटच्या दिशेने निघालात की उजव्या हाताच्या एका अरुंद गल्लीत हे दुकान आहे. पाटी नाही. ढोलाच्या वाद्या आणि घोड्याच्या घुंगरमाळा बाहेर टांगलेल्या दिसल्या की तेच. आत दोन माणसं जेमतेम उभी राहतात. मामा सत्तरीचे, घराणं जिनगराचं. त्यांचे आजोबा गायकवाड सरकारच्या पागेतली जिनं, लगाम, खोगिरं दुरुस्त करायचे. घोडे गेले, तसं घर ढोलाच्या वाद्यांवर आणि लग्नातल्या तलवारीच्या म्यानांवर आलं. आता तिथे काळे टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरं येतात, म्हणून मामा खिळ्यांचे पट्टेही करतात.

मी दांडिया बाजारात राहते आणि 31 वर्षं शिवणकाम करते. मराठी नाटकांचे पोशाख, नवरात्रात चणिया-चोळी, एरवी ब्लाउज. त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठी असते, काम कसं केलंय ते मागच्या बाजूला कळतं.

आम्ही तिथे पोचलो ते एका अपघातामुळे. लेक इथे फाइन आर्ट्सला शिकते. गेल्या नवरात्रात तिने एक वस्तू ऑनलाइन मागवली: एका पट्टीवर चार अंगठ्या जोडलेल्या, वर चार कवट्या. दिसायला दागिना, हातात घेतली तर सरळ मूठ. सातव्या माळेला ती घालून गरब्याला गेली. गोल फिरताना पुढच्या मुलीची ओढणी त्या कवट्यांत अडकली. चारही बोटं एका धातूत अडकलेली असल्यामुळे हिला हात पटकन सोडवता येईना. ती मुलगी ओढणीसकट मागे खेचली गेली आणि पडली. तिचा गुडघा फुटला, हिचं मधलं बोट सुजलं, दहा दिवस पेन्सिल धरता आली नाही. त्या मुलीच्या आईने मला एकच विचारलं, "हे घालून नाचायला पाठवता तुम्ही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती वस्तू मीच हातात घेऊन कौतुकाने बघितली होती आणि मागची बाजू बघायची राहिली होती. मागे धातूची फासळी तळहातापर्यंत आलेली होती. बोटांच्या शोभेला तिचा काही उपयोग नाही. तिचा उपयोग ठोसा मारतानाच, तळहाताला टेकू द्यायला.

लेकीचा यंदाचा अभ्यासाचा विषयही हाच निघाला: रस्त्यावरच्या मारामाऱ्यांत हाताशी लागेल ते उचलून वापरलेल्या वस्तू पोरापोरींच्या पेहरावात कशा शिरल्या. तिच्या टेबलावर महिनाभर पसरलेली चित्रं आणि फोटो बघून माझाही अभ्यास झाला. तिला स्वतःच्या अंगावर घालायला तीन वस्तू हव्या होत्या: पट्टा, साखळी आणि चार बोटांच्या त्या अंगठीच्या जागी दुसरं काहीतरी. ढोल पथकातला भाचा म्हणाला, मामांकडे चला.

पट्ट्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात चांगला झाला आहे.

बाजारात पाचशे-सातशे रुपयांत मिळणाऱ्या पट्ट्यांवरच्या खिळ्यांना मागे दोन पाय असतात. ते चामड्यातून आरपार घालून वाकवतात. सहा महिन्यांत चामडं ढिलं होतं, पाय उघडतात आणि पोटाला ओरखडे पडतात. बहुतेक पट्टे तर चामड्याचे नसतातच, पुठ्ठ्यावर रेक्झिन चिकटवलेलं असतं. मामांनी दोन इंच रुंदीचं अखंड चामडं घेतलं, प्रत्येक खिळ्यासाठी आरीने भोक पाडलं आणि मागून वॉशर बसवून खिळा ऐरणीवर ठोकला. असे 156 खिळे, मी मोजले आहेत. मग मागून मेंढीच्या मऊ कातड्याचं अस्तर लावून दोन्ही कडा मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने शिवल्या. इंचाला सात टाके, शेवटपर्यंत सारखे. इतकं सरळ शिवायला मला मशीन लागतं. पट्ट्याचं वजन माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर 520 ग्रॅम भरलं. पहिले दोन दिवस कमरेला जाणवलं, मग चामडं अंगाच्या वळणाला आलं.

खिळ्यांची टोकं मामांनी कानशीने मारून गोल केली. लेकीला टोकदारच हवी होती. मामांनी तिच्यासमोर एक टोकदार खिळा स्वतःच्या पुढच्या बाहीवर घासला आणि निघालेला धागा दाखवला. "बसमध्ये शेजारी कोण बसेल, त्याचा सदरा फाटतो बेटा," एवढंच म्हणाले. मला ते पटलं. मग त्यांनी बक्कल पुढे ठेवलं: जुन्या पागेच्या सामानातलं, पितळेचं, चौकोनी, चांगलं जाड. लेकीने ते बघून त्यांना मँचेस्टरची गोष्ट सांगितली, आणि मामा हातातलं काम ठेवून ऐकत बसले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत मँचेस्टर आणि सॅलफर्डच्या गिरणी वस्त्यांत टोळ्यांनी मारामाऱ्या करणारी तरुण पोरं होती. त्यांना स्कटलर म्हणत. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे कमरेचा पट्टा. तो मनगटाला गुंडाळायचा आणि जड पितळी बक्कल मोकळं ठेवायचं. पायात पितळी टोकांचे लाकडी तळव्यांचे बूट, खाली घेर असलेली विजार, गळ्यात रुमाल, डोक्यावर तिरकी टोपी. हीच पोरं त्या पट्ट्याच्या चामड्यावर टाचण्या ठोकून नक्षी काढायची: साप, बाणाने भेदलेलं हृदय, आवडत्या मुलीचं नाव. गिरणीत दिवसभर राबणारा पोरगा रात्री बसून पट्ट्यावर नाव ठोकतो, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्या वस्तूने दुसऱ्याचं डोकं फोडायचं तीच सजवायची. आपल्याकडे तलवारीच्या मुठीवर कोफ्तगरी, म्हणजे सोन्या-चांदीच्या तारेची नक्षी करत, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की तलवार सरदाराकडे असायची, या पोरांकडे पट्टा होता.

मामांनी विचारलं, "नाव काढायचे? मग मीही काढून देतो." लेकीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला, अस्तरावर, त्यांनी बारीक टोच्याने तिच्या आजीचं नाव उमटवलं. त्याचे पैसे घेतले नाहीत.

साखळीकडे मी वेगळ्या नजरेने बघत होते, कारण मला ती आवडतच नव्हती. पाकीट खिशात, साखळी पट्ट्याला, मांडीवर लोंबते. अमेरिकेतल्या मोटारसायकलवाल्यांनी पाकीट पडू नये म्हणून ती वापरली आणि त्यांचा तोराही तिला चिकटला. पण साखळीचा दुसरा इतिहासही आहे. 1950च्या दशकात लंडनचे टेडी बॉईज सायकलची साखळी घेऊन भांडायला निघत. यांचे कपडे मला शिवणकामाच्या दृष्टीने फार आवडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या उंची शिंप्यांनी श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी एडवर्ड राजाच्या काळचा लांब कोट पुन्हा काढला होता. कामगार वस्तीतल्या पोरांनी तो उचलला, कॉलरला मखमल लावली आणि खाली नळीसारखी अरुंद विजार घातली. कोट इतका लांब की खिशात काय आहे ते बाहेरून कळत नसे. 1959 साली ब्रिटनने खटक्याने उघडणाऱ्या चाकूंच्या विक्रीवर कायद्याने बंदी आणली, त्यामागे या काळात पसरलेली धास्ती होती. पुढे स्कूटरवरून फिरणारी, नीटनेटक्या सुटातली मॉड पोरं आली, 1964 साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रॉकर्सशी, म्हणजे चामडी जाकिटातल्या मोटारसायकलवाल्या पोरांशी भिडलेली. मॉड पोरांतल्या काहींनी कोटाच्या लॅपलमागे, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीमागे, मासे पकडायचे गळ शिवल्याच्या आठवणी सांगतात. कोणी कॉलर धरली की त्याच्याच बोटात गळ. मी इतकी वर्षं लॅपल शिवते. आतलं कॅनव्हास, त्यावरचे तिरके टाके, सगळं कोटाला डौल यावा म्हणून. त्याच जागी कोणी गळ शिवेल, हे कधी मनात आलं नव्हतं. त्या रात्री एका नटाचा कोट शिवताना लॅपलमागे बोट फिरवून बघितलं.

आणि जपानच्या मुली. सुकेबान म्हणत त्यांना, म्हणजे टोळीची म्होरकी मुलगी. 1960-70च्या दशकातल्या शाळकरी पोरी, अंगात खलाशी कॉलरचा गणवेश, पण घागरा घोट्यापर्यंत. भोवती सगळीकडे आखूड स्कर्टची लाट होती, तेव्हा यांनी मुद्दाम लांब केला. त्या घेरात साखळ्या आणि वस्तऱ्याची पाती लपत. लेक म्हणाली, "आई, लांब घागरा हा त्यांचा निषेध होता आणि खिसाही." दर नवरात्रात मी आठ-आठ मीटर घेराचे चणिये शिवते. ते वाक्य माझ्याकडे राहिलं.

मामांनी साखळीला काय केलं ते आता सांगते, कारण दुकानाची खरी ओळख तिथे होते. लेकीने सायकलची जुनी साखळी घासून-पुसून नेली होती. मामांनी ती हातात घेऊन तोलली आणि परत दिली. त्यांनी स्वतः पोलादी कड्यांची बारीक साखळी केली, 18 इंच, 95 ग्रॅम. मध्ये एक कडी वेगळी आहे, मऊ पितळेची. बाकी सगळ्या कड्या डाग देऊन बंद केल्या आहेत, हिला डाग दिलेला नाही, फक्त दाबली आहे. स्कूटरच्या चाकात किंवा दाराच्या कडीत साखळी अडकली आणि झटका बसला, तर ही कडी उघडते आणि माणूस सुटतो. अशा दोन कड्या जास्तीच्या, एका पुडीत बांधून देतात, तुटली तर घरी पकडीने बसवायला. मी विचारलं, कोणी ही गरगरा फिरवून मारायला गेलं तर? मामा म्हणाले, "मारणाऱ्याच्या हातात अर्धी राहील, अर्धी लांब जाऊन पडेल." त्यांनी ती कडी दोन्हींचा विचार करूनच घातली आहे. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूमागची फासळी आणि ही कडी, मला दोन दुकानांतला फरक सांगायला एवढं पुरतं.

तरी साखळीला मी ठीक एवढंच म्हणेन. दोन्ही टोकांचे आकडे मामा बाहेरून आणतात आणि त्यांवर निकेलचा मुलामा आहे. चौथ्या दिवशी लेकीच्या कमरेला जिथे आकडा टेकतो तिथे लाल चट्टा उठला आणि खाज सुटली. निकेल पुष्कळ जणांच्या कातडीला सोसत नाही. परत नेल्यावर मामांनी कुरकुर न करता एका टोकाला पितळी आकडा बसवून दिला, पण दुसऱ्यासाठी माल नव्हता, तो दोन आठवड्यांनी मिळाला. ज्यांना नकली कानातल्यांनी कान चिघळायचा त्रास आहे त्यांनी ऑर्डर देतानाच पितळ किंवा स्टेनलेस सांगा.

आता अंगठी.

लेकीने चार बोटांची ती तुटकी वस्तू मामांसमोर ठेवली आणि विचारलं, अशी पण चांगली करून द्याल का. मामा म्हणाले, "चार बोटांचं मी करत नाही." मी कारण विचारलं. त्यांनी स्वतःचा हात उघडला आणि मिटला. "चार बोटं बांधली की हात मिटायच्याच कामाचा राहतो. दोन बांधली तर उरलेल्या दोन बोटांनी ब्रेक दाबता येतो, कप धरता येतो, दुसऱ्याचा हातही धरता येतो." माझ्या डोळ्यांसमोर गरब्याचं मैदान आलं.

मग त्यांनी गल्ल्याखालून कापडात बांधलेली एक जुनी वस्तू काढली. शिंगाची, काळी, गुळगुळीत, वर बोथट दाते. त्यांच्या आजोबांकडून आलेली. ती वज्रमुष्टी होती.

बडोद्याच्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. ठोसा मारायच्या मुठीच्या हत्याराची गोष्ट लंडन-पॅरिसमध्ये सुरू होत नाही. आपल्याकडे ज्येष्ठीमल्ल नावाची मल्लांची जातच होती, गुजरातेत मोढेऱ्याशी नातं सांगणारी. उजव्या मुठीत शिंगाची वज्रमुष्टी बांधून ते झुंजत. गायकवाडांच्या दरबारी या झुंजी होत. 1860च्या दशकात लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी इथे खंडेराव महाराजांचा पाहुणा होता. त्याने नख्या बांधलेल्या मल्लांची झुंज डोळ्यांनी पाहिली आणि अंगावर काटा येईल असं वर्णन लिहून ठेवलं. म्हैसूरला दसऱ्यात राजवाड्याच्या आवारात जेट्टींची, म्हणजे तिथल्या ज्येष्ठीमल्लांची, वज्रमुष्टी आजही होते. डोक्यातून पहिलं रक्त आलं की झुंज थांबते. बडोद्यात ते सगळं गेलं. माझे आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या काळात लाठी-बनेटी शिकले होते. वज्रमुष्टीबद्दल ते बोलायचे तेही ऐकीव. मी ती वस्तू आयुष्यात पहिल्यांदा मामांच्या दुकानात हातात धरली. अतिशय हलकी आहे. शिंगाला हाताची ऊब लगेच लागते, धातूसारखं ते गार राहत नाही.

लेकीने तिथेच कागद काढून आकार काढला. वज्रमुष्टीची वरची लाट तशीच, पण फक्त मधल्या दोन बोटांवर, दात्यांच्या जागी चार गोल उंचवटे, मागची बाजू सपाट आणि तळहाताकडे काही नाही. मामांनी रेड्याचं शिंग उकळून मऊ केलं, कापलं, कानस आणि मग बारीक पॉलिश पेपर मारला. शेवटी तेल लावून कपड्याने घासलं. ते घासणं मी स्वतः अर्धा तास बसून पाहिलं. उजेडात धरली की काळ्यात मधासारखी एक रेघ दिसते. 14 ग्रॅम. लेकीने ती घालून दोन महिने चित्रं काढली आहेत, स्कूटर चालवली आहे, भाकरी थापतानाच तेवढी काढते. पाण्यात सारखी भिजवायची नाही आणि महिन्यातून एकदा खोबरेल लावायचं, हे मामा दोनदा सांगतात. आम्ही एकदा विसरलो, तर कडेला पांढरट झाली, तेल लावल्यावर पुन्हा काळी आली.

अलेक्झांडर मॅकक्वीनच्या फॅशन घराने चार अंगठ्यांची मूठ असलेली छोटी पर्स काढली आणि जगभरच्या नट्यांच्या हातात ती दिसली. त्याच ब्रिटनमध्ये धातूची ठोशाची मूठ विकणं 1988च्या आदेशापासून गुन्हा आहे. लेकीने दोन्हींची चित्रं शेजारी-शेजारी चिकटवली आहेत. मला विचाराल तर त्या पर्सपेक्षा मामांची अंगठी सरस आहे. पर्समध्ये मुठीचा आकार तसाच उचलला, वर रत्नं लावली. अंगठीत तो आकार समजून घेतला, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवलं. माझ्या कामात जुना चोळीचा काप घेऊन नवं ब्लाउज बेतताना हेच करावं लागतं, म्हणून मला त्याची किंमत कळते. 900 रुपये कमी आहेत. मी मामांना तसं सांगितलं.

लेकीच्या पायातल्या बुटांचं दोन ओळींत: डॉक्टर मार्टेन्सचा आठ भोकांचा 1460, हा आकडा 1 एप्रिल 1960 या तारखेचा. आधी टपालवाले आणि कारखान्यातले कामगार घालत, मग स्किनहेड पोरांनी उचलला. मामांनी त्याच्या तळाची शिवण कौतुकाने पाहिली आणि एक उसवलेला टाका फुकट घालून दिला.

वाघनखाच्या लॉकेटबद्दल मी रागावून लिहिते आहे. 2024च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हापासून इथल्या मराठी पोरांतही वाघनखाच्या लॉकेटची आणि अंगठीची लाट आहे. कपाळावर चंद्रकोर, हातात कडं, बोटात राजमुद्रा, गळ्यात वाघनख. हाही पेहराव हत्यारातूनच आला आहे आणि तो आपला आहे, म्हणून मला त्यात कसर चालत नाही. मामा ही लॉकेट स्वतः करत नाहीत, ओतीव माल डझनावर आणून ठेवतात. भाच्याच्या लॉकेटच्या चारपैकी दोन नख्यांना ओतकामाची कड तशीच राहिली होती, पात्यासारखी. शिवजयंतीला ढोल वाजवताना ते छातीवर आपटत राहिलं आणि घरी आल्यावर सदऱ्याला आतून रक्ताचे ठिपके दिसले. ज्या माणसाने लेकीच्या पट्ट्याचे 156 खिळे एकेक गोल केले, त्यानेच हे पोरांच्या गळ्यात घालायला विकावं? मी त्यांना तोंडावर विचारलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "पोरं पन्नास मागतात, हाताने कुठून करू?" ते खरं असेल. पण मग विकू नये, किंवा निदान कानस तरी मारून द्यावी. आम्ही लहान असताना आजीने भावाच्या गळ्यात चांदीत मढवलेलं वाघनख घातलं होतं, दृष्ट लागू नये म्हणून. तेव्हा वाघाचं खरं नख आणायची पद्धत होती. आता कायद्याने ते बंद आहे, ते बरं झालं. पण त्या मढवणीला एक काटा नव्हता, बाळाच्या छातीवर झोपायचं ते.

आणखी थोड्या तक्रारी. पट्ट्याला दहा दिवस सांगितले, तेवीस लागले. लग्नसराईत तर विचारूच नका. दुकानात आरसा नाही, पट्टा कसा दिसतो ते बघायला मोबाइल धरावा लागतो. कमरेचं माप मामा सदऱ्यावरून, अंदाजाने घेतात. मुलींनी स्वतःचं माप घरून लिहून न्यावं, तिसऱ्या भोकाला बसेल असं सांगावं, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. गर्दीच्या सणांत पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा निघतो, काठी-दांडकी-चाकू घेऊन फिरायला मनाई होते. त्या दिवसांत मैदानाच्या फाटकावर तपासणीला उभा असलेला माणूस खिळे आणि साखळी बघून थांबवणारच. साखळी घरी ठेवा. अंगठी आणि पट्टा आम्हाला कुठे अडले नाहीत.

शेवटच्या खेपेला पितळी आकडा घ्यायला मी एकटीच गेले. लेकीच्या टेबलावर त्या आठवड्यात लंडनच्या पंक मुलींचे फोटो होते, 1977च्या आसपासचे. जाकिटाला, कानाला, गालालासुद्धा सेफ्टी पिना. मला ते फोटो बघून वेगळंच आठवलं होतं. 1988 साली मी कॉलेजला जायला लागले तेव्हा आईने एक मोठी पीन माझ्या ओढणीच्या टोकाला आतून लावून दिली. कशासाठी ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शहर बसमध्ये मागून दाबत येणाऱ्या माणसाच्या मांडीत ती मी दोनदा टोचली आहे. दोन्ही वेळा तो ओरडला आणि पुढच्या थांब्याला उतरला. माझ्या वर्गातल्या बहुतेक जणींकडे अशी पीन होती. ती कोणी दागिना म्हणून लावली नाही, दिसू नये अशीच लावायची. इकडे त्या मुलींनी ती सगळ्यांना दिसेल अशी गालात घातली होती. मी किती तरी वेळ त्या एका फोटोसमोर उभी होते.

मामांना म्हटलं, मला शालीला लावायला एक पीन करून द्या. पितळेची, तीन इंच, वरच्या बाजूला तुमच्या वज्रमुष्टीची लाट. त्यांनी वहीत लिहून घेतलं, मग नेहमीच्या सवयीने विचारलं, "टोक मारून देऊ ना, ताई?"

"नको," मी म्हटलं. "टोक राहू द्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वहीत तसं लिहिलं. 400 रुपये सांगितले आहेत, 200 आगाऊ दिले. येत्या रविवारी आणायला जायचं आहे.